लॅक्स्टनचा बांध : एका निवृत्त भूकरमापकाच्या प्रकल्प नोंदी

रविवार, ८ सप्टेंबर २०२४

लेकीकडे नॉटिंगहॅमला येऊन महिना झाला. बाग झाली, नातवाची शाळा पाहून झाली, दुकानं तर किती वेळा पाहणार! परसातल्या फळकुटांच्या कुंपणाची लांबी मी पावलांनी तीनदा मोजली, तेव्हा जावईबापू म्हणाले, "बाबा, तुम्हाला मोजायला एखादं गावच शोधून देतो." चेष्टेनं म्हणाले, पण दिलं शोधून.

गावाचं नाव लॅक्स्टन. याच जिल्ह्यात, गाडीनं तासाभरावर. मध्ययुगातली खुल्या शेतांची पद्धत इथं अजून चालू आहे. पाळीनं पेरायची तीन मोठी शेतं, त्यांतले पट्टे आणि त्यांचा न्याय करणारं गावचं कोर्ट, सगळं चालू स्थितीत.

ठरवलं ते असं : आमच्या गावच्या वाचनालयासाठी लॅक्स्टनचा भिंतीएवढा नकाशा हातानं काढायचा, नावं मराठीत घालायची, सोबत टिपणवही द्यायची. तिकीट डिसेंबरमधलं, म्हणजे तीन महिने हातात आहेत. साहित्य म्हणून ट्रेसिंग पेपर, काळी-लाल शाई आणि लोखंडी पट्टी. पट्टी आमचीच, इंदापूरहून आणलेली. बॅगेत ती बघून हिनं कपाळाला हात लावला होता.

शनिवार, १४ सप्टेंबर

पहिली फेरी. गावात शिरताना डोळ्यांत भरलं ते गावठाण. इंग्लंडात शेतकऱ्याचं घर बहुतेक त्याच्या रानात, एकटं. इथं सगळे वाडे रस्त्याच्या कडेनं ओळीत, कित्येक घरांची तर त्रिकोणी आढ्याची बाजूच रस्त्याकडे. मागं गोठा-खळं, त्यामागं लांबट परडं. रान गावाबाहेर. आपल्याकडं हे सांगावं लागत नाही, इथं हे पुरातन म्हणून पाहायला माणसं येतात.

मग बाहेर पडलो आणि थांबलोच. या देशात जाल तिथं शेताला झुडपांचं कुंपण. इथं कुंपणच नाही. नजर जाईल तिथवर रान, त्यात नांगराच्या तासांनी पडलेले लांब पट्टे आणि मधे गवताच्या हिरव्या रेघा. शेतं तीन : वेस्ट फील्ड, साउथ फील्ड आणि मिल फील्ड. 'मिल' म्हणजे पवनचक्कीची जागा. मिळून पाचशे एकरांच्या आसपास.

पाळी अशी : एका शेतात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतातला पेरा म्हणजे जव किंवा वालासारखं कडधान्य, तिसरं पडीक. हल्ली पडकातही गवत-चारा घेतात. पुढच्या वर्षी चाक एक घर पुढं. ज्याची जमीन त्यानं आपल्या मर्जीनं पेरायचं, ही सोयच नाही. शेजारी गहू असताना तुम्ही मधेच दुसरं काही काढू शकत नाही, कारण पूर्वी पीक निघालं की गावाची मेंढरं-गुरं सगळ्या शेतभर मोकळी सुटत. रान मोकळं व्हायचं तर सगळ्यांचं एकदमच व्हायला हवं.

आणि प्रत्येक खातेदाराचे पट्टे तिन्ही शेतांत, विखुरलेले. एक इकडं ओढ्याकाठी, एक तिकडं चढावर. १६३५ साली या गावात असे पट्टे दोन हजारांच्या वर होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जमीनदारानं बरेच जोडून टाकले, तरी आज दीडशेच्या घरात आहेत.

परत येताना गाडीत मी गप्प होतो. लेकीला वाटलं, बाबा दमले. ३१ वर्षं मी ज्या गोष्टीला रोग समजलो, ती इथं मांडून ठेवलेली पाहिली होती. १९४७ चा आपला तुकडेबंदीचा आणि एकत्रीकरणाचा कायदा. त्याच्या योजनेत विखुरलेले तुकडे अदलाबदलीनं एकत्र आले आणि सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. नोकरीला लागलो तेव्हा साहेबांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं : तुकडा म्हणजे नुकसान. बांधात जमीन जाते, औत वळवायला वेळ जातो, विहीर परवडत नाही. हे सगळं खरंच आहे.

गुरुवार, १९ सप्टेंबर

मग विखुरले कशासाठी? दोन दिवस हेच डोक्यात. लॅक्स्टनची माती जड चिकण. पावसाळी वर्षी खालचा भाग चिभडतो, कोरड्या वर्षी चढावरचं आधी वाळतं. सगळं रान एकाच जागी असलेला माणूस एका वाईट वर्षात उठेल. चार जागी तुकडे असले तर एक जाईल, तीन राहतील. चांगलं-वाईट सगळ्यांच्या वाट्याला थोडं थोडं. आमच्याकडं चार भाऊ वाटणी करताना काळी चौघांत आणि माळही चौघांत तोडतात, तसंच. आम्ही त्या भावांना अडाणी म्हणायचो आणि मोजणी फी घेऊन पोटहिस्से पाडून द्यायचो.

आज एक हिशेब जमला. रात्री अकरा वाजता ओरडलो, ही दचकून उठली.

इंग्लंडातलं जुनं माप 'फर्लांग'. मूळ अर्थ नांगराच्या एका तासाची लांबी. ती २२० यार्ड, म्हणजे ६६० फूट. बैलजोड्या वळवणं जिकिरीचं, म्हणून तास लांबच लांब ओढायचं आणि वळण कमी घ्यायचं. एक फर्लांग लांब आणि ६६ फूट रुंद पट्टा म्हणजे एक एकर, ढोबळमानानं एका दिवसाची नांगरट. ही ६६ फूट म्हणजे एडमंड गंटर यानं १६२० साली रूढ केलेली शंभर कड्यांची साखळी.

आता आमची साखळी. मुंबई इलाख्याच्या मोजणीत ती ३३ फुटांची, सोळा आण्यांची. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा. मग इंग्रजाचा तो एका दिवसाचा पट्टा आमच्या साखळीनं मोजला तर? लांबी २० साखळ्या, रुंदी २. गुणाकार ४०. चाळीस गुंठे! शाळेत घोकलेला '४० गुंठे म्हणजे एक एकर' हा कोरडा पाढा नाही, तो बैलांनी नांगरलेला लांबोडा पट्टा आहे.

१८३६ साली गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी नव्या मोजणीची घडी बसवली ती आमच्याच इंदापूर तालुक्यात. त्यांच्या सामानात हा एकर आला आणि आपला बिघा मागं पडला. टिपणवहीत हे पहिल्या पानावर घालणार.

रविवार, २९ सप्टेंबर

नकाशाचं काम सुरू. आधार १६३५ चा मार्क पिअर्सचा नकाशा. मूळ प्रत ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात. मी ऑर्विन दांपत्याच्या १९३८ च्या अभ्यासात छापलेल्या नकाशावरून काम करतोय. या गावाकडं जाणकारांचं लक्ष वेधलं ते याच दोघांनी.

पिअर्स हा माझा माणूस. त्यानं एकेक पट्टा दाखवलाय आणि सोबत खातेवही लिहिलीय : कुठल्या शेतात, कुठल्या फाळ्यात म्हणजे पट्ट्यांच्या कुठल्या गटात, कुणाचा पट्टा, किती क्षेत्र. गाव नकाशा आणि आकारबंद, म्हणजे क्षेत्र-आकाराची नोंदवही, एकमेकांना ताडून पाहावेत, तसं हे दोन्ही ताडून पाहता येतं. वर, मोकळ्या जागेत बारीक चित्रं : नांगरणारे, कापणी करणारे, शिकारीवाले. आमच्या खात्यात कुणी नकाशावर बैल काढला असता तर खुलासा मागवला असता.

आज फक्त साउथ फील्डचा एक कोपरा झाला. पट्टे सरळ नाहीत, किंचित उलट्या एस सारखे वाकलेत. बैलांची लांब रांग वळायला घेताना टोकाला आधीपासूनच बाजूला सरायची, तिचा हा बाक. पट्टी उपयोगाची नाही, हातानंच ओढावं लागतंय. चष्म्याचा नंबरही बदललाय बहुतेक.

रविवार, ६ ऑक्टोबर

हा नकाशा करवून घेणारा कोण, हे पाहायला बसलो आणि दिवस गेला.

सर विल्यम कोर्टीन. लंडनचा बडा व्यापारी, बापाचं घराणं फ्लँडर्सकडून आलेलं. रेशीम आणि लिननच्या कापडाचा धंदा, बार्बाडोस बेटावर वसाहतीत पैसा, राजाला मोठमोठी कर्जं. लॅक्स्टनची जमीनदारी त्यानं विकत घेतली होती आणि काय घेतलंय ते कागदावर यावं म्हणून १६३५ मध्ये मोजणी करवली. इथवर ठीक.

पण त्याच १६३५ च्या डिसेंबरात राजा पहिल्या चार्ल्सनं कोर्टीनच्या मंडळींना पूर्वेकडच्या व्यापाराचा परवाना दिला, ईस्ट इंडिया कंपनीचा हक्क डावलून. एप्रिल १६३६ मध्ये कप्तान जॉन वेडेल याचा ताफा निघाला. म्हातारा कोर्टीन पुढच्याच महिन्यात वारला. त्याची जहाजं ऑक्टोबरात कुठं लागली? गोव्याला! तिथून भटकळ, पुढं थेट चीन. १६३८ मध्ये याच मंडळींनी कारवारला वखार उघडली.

म्हणजे मी ज्या माणसाच्या पैशानं मोजलेले पट्टे रात्री डोळे फोडून काढतोय, त्याचीच जहाजं मांडवीच्या तोंडाशी उभी होती. त्याच १६३६ मध्ये निजामशाही बुडाली आणि शहाजीराजे आदिलशाहीत गेले. मलिक अंबर जाऊन दहा वर्षं झाली होती. त्याचा धारा, म्हणजे सारा ठरवायची पद्धत, आमच्या मोजणी खात्याचा खापरपणजोबा. लेकीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "बाबा, जग लहान आहे." मला उलट वाटलं. जग प्रचंड आहे, पैसेवाल्याचा हात लांब असतो, एवढंच.

पूर्वेकडच्या या धंद्यात कोर्टीनच्या मुलाचं दिवाळं निघालं. लॅक्स्टन पियरपॉइंट घराण्याकडं गेलं, तेच पुढं अर्ल मॅनव्हर्स झाले.

रविवार, २० ऑक्टोबर

दुसरी फेरी. किल्ला : गावाच्या उत्तरेला मातीची उंच टेकडी आणि तिच्याखाली खंदकानं वेढलेली अंगणं. नॉर्मन काळातला. दगड नाही, बुरूज नाही, गवत आणि मेंढ्या. द कॉ घराण्याचा. शेरवुडच्या राजवनाची रखवाली त्यांच्याकडं वंशपरंपरेनं होती. आपल्या डोळ्यांना सिंहगड-राजगडाची सवय, त्यामुळं मन भरलं नाही, खोटं कशाला बोला.

चर्चमध्ये मात्र रमलो. एव्हरिंगहॅम घराण्याच्या दगडी समाध्यांत एक स्त्री लाकडाची आहे. सहा-सातशे वर्षांचं लाकूड, हात जोडून पडलेली. नवरा दगडात, ही लाकडात.

बाहेर आल्यावर हिनं विचारलं, "हे काय, गुरांचं?" कोंडवाडाच! दुसऱ्याच्या पिकात शिरलेलं जनावर इथं आणून कोंडायचं आणि दंड भरून मालकानं सोडवायचं. त्याचा राखणदार 'पिंडर'. हे पद गावचं कोर्ट अजून भरतं. नकाशात 'कोंडवाडा' एवढंच लिहायचं, समजावायची गरज नाही.

याच गावच्या हद्दीत १९९५ पासून ज्यूंच्या संहाराचं स्मृतिकेंद्र आहे. तिथं आज गेलो नाही. ते घाईत पाहायचं ठिकाण नव्हे.

शनिवार, २ नोव्हेंबर, पाडवा

ओवाळणी झाल्यावर गावाकडं फोन. पुतण्या तापलेला. "नाना, शेजाऱ्यानं हात-दीड हात बांध कोरलाय. मोजणीला अर्ज टाकू का?"

टाक म्हणालो. मोजणी होईल, खुणा दाखवतील, दगड रोवतील, मोजणी नकाशाची क प्रत मिळेल. पुढच्या नांगरटीला ट्रॅक्टरच्या फाळाला दगड लागेल आणि आपोआप हातभर सरकेल. मीच रोवलेले किती दगड मला पुन्हा कधी जागेवर सापडले? एका गावात सात वर्षांत तीनदा एकच बांध मोजलाय. दर वेळी शंकू-साखळी, दर वेळी तोच नकाशा, दर वेळी दोघांचंही समाधान नाही.

त्याला लॅक्स्टनचं सांगितलं. दर वर्षी गहू पेरून झाला की बारा पंच शेतभर हिंडतात, कुणी कुठं जास्त नांगरलं ते पाहतात आणि खुंट्या ठोकतात. ऐकून हसला. "नाना, आपल्याकडं बारा जण एका बांधावर उभे केले तर चौदा बाजू पडतील."

गुरुवार, २८ नोव्हेंबर

पंचांचा दिवस. नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार, दर वर्षी हाच.

सकाळी डव्हकोट इन या गावच्या पबजवळ जमले. म्होरक्या धरून बारा जण, सगळे इथलेच शेतकरी. बूट गुडघ्यापर्यंत, हातात खुंट्या, हातोडे, फावडी. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून शेताकडं निघाले. आमच्यासारखे बघे मागून. ढगाळ हवा, चिकण माती बुटाला पायलीभर.

काम कसं चालतं ते सविस्तर लिहितो, कारण यासाठीच आलो होतो. खासगी पट्ट्यांच्या मधून आणि टोकांना सामाईक गवत असतं, त्याला 'सायक' म्हणतात. फार ओलसर किंवा फार उताराची, नांगर न चालणारी जागा. तिच्यावर हक्क सगळ्यांचा. दर उन्हाळ्यात या गवताचा लिलाव होतो, आपल्याकडं कुरणाचा व्हायचा तसा. शतकानुशतकं नांगर लागला नाही म्हणून तिथं रानफुलं टिकलीत आणि सरकारनं त्या जागा राखीव केल्यात. तर भांडण दोन शेजाऱ्यांतलं असतंच, पण जास्त करून मोह होतो तो या सायकचा आणि शेतरस्त्याचा. तिथं मालक समोर उभा नसतो ना! नांगर वळवताना एक तास जास्त.

पंच जुनी खुंटी शोधतात. सापडली नाही तर दोन्हीकडच्या खुणा धरून ओळ डोळ्यानं लावतात. एक जण लांब उभा राहतो, दुसरा हात हलवतो, तिसरा खड्डा घेतो, चौथा खुंटी ठोकतो. टेप होती, पण ती खिशातून फारशी निघाली नाही. माझा जीव वरखाली. एका ठिकाणी मला वाटलं, खुंटी वीतभर डावीकडं हवी. बोललो नाही. त्यांच्यातला सगळ्यांत वयस्कर माणूस तिथं आला, वाकून बघितलं आणि ती वीतभर डावीकडं घेतली.

मी विचारलं, नकाशा आहे ना, मग दर वर्षी का? तो म्हणाला, नकाशा नांगरत नाही.

ज्यानं जास्त नांगरलं त्याचं नाव म्होरक्या टिपून घेतो. ही माणसं पंचही आहेत आणि खातेदारही. पुढच्या वर्षी दुसरं शेत, दुसरे पंच. आज नाव टिपणाऱ्याचंच नाव तेव्हा टिपलं जाऊ शकतं.

गुरुवार, ५ डिसेंबर

आठवड्यानं कोर्ट. त्याच पबमध्ये. जमीनदाराच्या वतीनं कारभारी बसतो, पेशानं वकील. हजेरी पुकारली जाते, गैरहजर राहणाऱ्याला नाममात्र दंड. म्होरक्याचा कागद वाचला जातो. दंड काही पौंडांचा. इथं त्यात एक बरं जेवण येईल. पण नाव चारचौघांत वाचलं जातं. मग पुढच्या वर्षीचे पंच शपथ घेतात.

हे नुसतं नाटक नाही, ते मी नीट तपासलं. १९७७ च्या कायद्यानं जुन्या जमीनदारी कोर्टांचे अधिकार काढून घेतले. अपवाद दोनच ठेवले. एक वेल्समधल्या डेनबी इथलं भटक्या गुरांचं आणि दुसरं लॅक्स्टनचं.

बाकीची गावं कुठं गेली, हाही प्रश्न आहे. १६०४ ते १९१४ या काळात पार्लमेंटपुढं खुल्या रानांना कुंपण घालण्याचे ५,२०० हून जास्त कायदे आले आणि ६८ लाख एकर जमीन खासगी कुंपणात गेली, इंग्लंडच्या साधारण पाचवा हिस्सा. पट्टे एकत्र केले, गायरान वाटून टाकलं. ज्याच्याकडं कागद त्याला वाटा. ज्याच्याकडं फक्त गाय चारायची वहिवाट, त्याच्या हाती बहुतेक काही नाही. उत्पन्न वाढलं हे मान्य करूनच लिहितोय. मोजणारे अर्थात आमच्यासारखेच.

लॅक्स्टन सुटलं ते कुणाच्या थोरवीनं नाही. काम रेंगाळत गेलं, एवढंच. १९५२ मध्ये अर्ल मॅनव्हर्सनं गाव शेतीखात्याला विकलं, १९८१ मध्ये ते राजघराण्याच्या मालमत्तेकडं गेलं, २०२० मध्ये पुन्हा त्या जुन्या घराण्याच्या थोर्सबी इस्टेटीकडं आलं. मालक बदलले तरी पंच नोव्हेंबरात रानात जातातच.

आणि हेही लिहितो : पट्टे इथंही कमीच होत चाललेत. कसणारे जेमतेम डझन-दीड डझन. नव्या यंत्रांना अरुंद पट्टा परवडत नाही. पबमध्ये तरुण चेहरे मी मोजले, एका हाताची बोटं पुरली.

शनिवार, १४ डिसेंबर

नकाशा पूर्ण. चार तुकडे, मागून कापड चिकटवून जोडले. खुणांचा तक्ता : सायकला 'सामाईक गवत', पिंडरला 'कोंडवाड्याचा राखणदार', पंचांच्या म्होरक्याला 'सरपंच' लिहायचा मोह झाला, पण आमच्या वाचनालयात त्यावरूनच वाद पेटेल, 'म्होरक्या'च ठेवलं. उजव्या कोपऱ्यात मोकळी जागा उरली होती, तिथं एक बैलजोडी काढली. पिअर्सनं काढली, मीही काढली. आता कोण खुलासा मागतो?

टिपणवहीत एकत्रीकरणावरचं पान तीनदा लिहून फाडलं. शेवटी माझ्याच एका गावाचे जुने सर्व्हे नंबर आणि नवे गट यांचा छोटा तक्ता दिला आणि लॅक्स्टनच्या पट्ट्यांशेजारी ठेवला. मत लिहिलं नाही. गावातले लोक स्वतःच बोलतील, त्यांना उसकवावं लागत नाही.

पुतण्याचा निरोप : मोजणीची तारीख फेब्रुवारीत मिळाली. शेजाऱ्याशी बोललास का, विचारलं. "बोललो. तो म्हणतो, नाना आले की तिघं मिळून एकदा चालत जाऊ." मग म्हणाला, "आणि येताना तिकडची चांगली टेप आणा, तीस मीटरची."

नकाशा गुंडाळून नळीत घातला, नळी बॅगेत तिरकी बसली. बॅग बंद केल्यावर आठवलं, उत्तर दिशेचा बाण काढायचा राहिलाय.